कानातला मळ सुरक्षितपणे कसा काढावा: तयारी, क्रम आणि टाळायच्या चुका

कानात दडा बसला की बहुतेक माणसे सगळ्यात शेवटी करायची गोष्ट सगळ्यात आधी करतात. हाताला येईल ती काडी कानात घालून मळ ओढण्याचा प्रयत्न होतो, तो फसला की पाण्याची धार मारली जाते, तरीही ऐकू आले नाही की थेंब आणले जातात, आणि कान ठणकू लागल्यावर पडदा शाबूत आहे की नाही हा प्रश्न पडतो. योग्य क्रम याच्या बरोबर उलटा आहे. पडद्याविषयीचा प्रश्न पहिला, थेंब त्यानंतर, पाणी त्याच्याही नंतर आणि तेही गरज उरली तरच; काडीला या क्रमात जागाच नाही. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ते मधूनच वाचायला घेऊ नयेत, कारण जवळपास प्रत्येक टप्प्यावर पुढे जायचे की थांबायचे हे ठरवावे लागते.

## सुरू करण्याआधी: मळ कुठे तयार होतो

प्रौढ माणसाच्या कानाची नळी साधारण २.५ सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा (मऊ, लवचिक हाडासारखा) आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि बारीक केस फक्त बाहेरच्या भागात असतात. आतल्या भागातली त्वचा अतिशय पातळ असून ती थेट हाडाला चिकटलेली असते. म्हणूनच तिथे नुसता स्पर्श झाला तरी दुखते आणि किंचित खरवडले तरी रक्त येते. यावरून एक गोष्ट सरळ लक्षात यावी: पडद्याजवळ, खोलवर मळ सापडला तर तो बहुधा तिथे आपणहून पोहोचलेला नसतो, कोणीतरी तो आत ढकललेला असतो.

मळ म्हणजे या ग्रंथींचा तेलकट स्राव, झडलेल्या त्वचेचे पापुद्रे, सुटलेले केस आणि धूळ यांचे मिश्रण. तो पाण्याला अटकाव करतो आणि किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जंतूंची व बुरशीची वाढ रोखतो. नळीची त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने अगदी सावकाश सरकत असते आणि मळाला सोबत घेऊन येते. बोलताना व चावताना जबडा हलतो, त्याचीही यात मदत होते. काहींचा मळ ओलसर आणि पिवळसर तपकिरी असतो, तर काहींचा कोरडा, करड्या पापुद्र्यांसारखा असतो. हा फरक आनुवंशिक आहे, स्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. जुना मळ काळपट होतो. नुसत्या रंगावरून घाबरण्याचे कारण नाही.

## टप्पा १: मळ काढण्याची गरज आहे का, ते ठरवा

कानाच्या तोंडाशी मळ दिसतो, एवढ्या कारणासाठी कानात काहीही करू नये. तो बाहेर पडण्याच्या वाटेवरच असतो. अंघोळीनंतर ओल्या कपड्याच्या टोकाने कानाची पाळी आणि छिद्राचा बाहेरचा काठ पुसला की काम होते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच म्हटले आहे की, ज्याला काही त्रास नाही आणि ज्याचा कान तपासण्यास अडथळा येत नाही, त्याचा मळ मुद्दाम काढण्याची आवश्यकता नाही. स्वच्छतेच्या सवयीपोटी दर आठवड्याला कान कोरणाऱ्यांना हे पटायला जड जाते, पण घरोघरी दिसणारे मळाचे बहुतेक खडे या सवयीतूनच तयार होतात असे माझे स्पष्ट मत आहे.

मळाने खरोखर नळी भरली असेल तर कान गच्च वाटतो, ऐकू कमी येते, स्वतःचा आवाज कानात घुमतो, कधी गुणगुण सुरू होते, कधी खाज किंवा हलके दुखणे असते. काहींना कारण नसताना कोरडा खोकला येतो, कारण नळीच्या त्वचेला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंपैकी एकाचा संबंध घशाकडे जाणाऱ्या मज्जातंतूशी असतो. अंघोळ केल्यावर किंवा पोहून आल्यावर अचानक दडा बसला, तर आधीपासून असलेला मळ पाण्याने फुगून नळी पूर्ण बंद झाली असण्याची शक्यता मोठी असते.

वृद्ध माणसे, श्रवणयंत्र वापरणारे, दिवसभर कानात इअरफोन घालणारे, जन्मतः अरुंद नळी असलेले आणि कानात दाट केस असलेले, यांच्यात मळ साचण्याचे प्रमाण जास्त असते. वयानुसार मळ कोरडा व कडक होत जातो आणि केस जाड होतात, त्यामुळे तो आपोआप बाहेर पडत नाही. घरातल्या वृद्ध माणसाला हल्ली ऐकू येत नाही, तो विसराळू झाला आहे, असे म्हणण्याआधी त्याचे दोन्ही कान एकदा तपासून घ्यावेत.

इशारा: अचानक गेलेले ऐकू येणे म्हणजे मळच, असे धरून चालू नका. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने ऐकू येणे एकदम कमी झाले, त्याबरोबर मोठी गुणगुण किंवा चक्कर असली, तर ती आतल्या कानाची तातडीची व्याधी असू शकते. तिच्यावरचे औषध जितके लवकर सुरू होईल तितका गुण येण्याची शक्यता अधिक असते, आणि मळ असेल म्हणून आठवडाभर थेंब टाकत बसल्याने तो मोलाचा काळ हातचा जातो.

एक साधी खूण इथे उपयोगी पडते. तोंड मिटून 'हं…' असा एकसुरी आवाज काढावा. मळाने किंवा दुसऱ्या कशाने नळी बंद झाली असेल, तर हा आवाज बंद कानात जास्त मोठा ऐकू येतो. बंद वाटणाऱ्या कानाऐवजी तो चांगल्या कानात मोठा ऐकू येत असेल, तर दोष आतल्या कानात असल्याचा संशय घ्यावा आणि थेंबांची बाटली उघडण्याऐवजी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. ही खूण तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पण कोणत्या दिशेने धाव घ्यायची ते ती सांगते.

## टप्पा २: हे घरी करण्यासारखे आहे का, ते तपासा

पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर घरी थेंब किंवा पाणी वापरू नये.

- पडद्याला भोक आहे, पूर्वी होते, किंवा कान कधी फुटून वाहिला होता आणि त्यानंतर पडदा भरून आल्याचे कोणी तपासलेले नाही.
- पडद्यात बारीक नळी बसवलेली आहे, किंवा कानाची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली आहे.
- आत्ता कान ठणकतो आहे, त्यातून पाणी, पू किंवा रक्त येते आहे, ताप आहे, किंवा कानाची पाळी ओढल्यावर कळ येते. ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत.
- बंद झालेला कान हाच एकमेव चांगला ऐकू येणारा कान आहे.
- मधुमेह आहे, रोगप्रतिकारशक्ती कमी आहे, किंवा डोक्या-मानेवर किरणोपचार झालेले आहेत.
- कानात मळाव्यतिरिक्त काही गेले असल्याचा संशय आहे.

पडद्याच्या भोकाबद्दल इतका आग्रह का, हे समजून घेतले पाहिजे. पडदा फाटलेला असेल तर थेंब आणि पाणी दोन्ही मधल्या कानात उतरतात. त्यातून तीव्र वेदना, चक्कर आणि संसर्ग होऊ शकतो, आणि काही द्रव्ये आतल्या कानालाही अपाय करू शकतात. मधुमेहाचे कारण वेगळे आहे. पाण्याने भिजलेल्या व किंचित खरवडलेल्या नळीत सुरू झालेला संसर्ग अशा माणसांत हाडापर्यंत पसरू शकतो, आणि तो आटोक्यात आणणे फार कठीण जाते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी थेंब वापरायला सहसा हरकत नसते, परंतु कोणतेही साधन कानात जाणार असेल तर त्याआधी डॉक्टरांना त्या औषधांची कल्पना देणे आवश्यक आहे.

शेवटच्या मुद्द्याविषयी थोडे अधिक. लहान मुलाच्या कानात चपटी बटण-बॅटरी गेली असेल तर थेंब किंवा पाणी अजिबात घालू नये. ओलाव्यात ती काही तासांतच त्वचा जाळते, म्हणून वेळ न दवडता रुग्णालयात जावे. बी किंवा दाणा गेला असेल तर पाण्याने तो फुगतो आणि अधिकच अडकतो.

पडताळा: वरच्या यादीतील प्रत्येक प्रश्नाला 'नाही' असे खात्रीने सांगता येते का? 'माहीत नाही' हे उत्तर आले, तर ते 'हो' समजावे.

## टप्पा ३: तयारी

पहिली तयारी वेळेची. प्रवास, परीक्षा किंवा महत्त्वाचे काम पुढच्या दोन-चार दिवसांवर असताना हे सुरू करू नये. थेंब टाकल्यावर मळ फुगतो आणि पहिले काही दिवस ऐकू येणे आणखी कमी होऊ शकते, याची आधीच कल्पना नसली की माणूस घाबरतो आणि काडीकडे वळतो. पुरते दोन आठवडे हाताशी ठेवावेत. दोन्ही कान बंद असले तरी एका वेळी एकाच कानावर काम करावे, म्हणजे दुसरा थोडाफार चालू राहतो.

दुसरी तयारी थेंबांची निवड. मळ मऊ करणारे अनेक पदार्थ आहेत: औषधाच्या दुकानात कानासाठी म्हणून मिळणारे ऑलिव्ह किंवा बदाम तेल, ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचे थेंब, मिठाचे निर्जंतुक पाणी, युरिया-पेरॉक्साइडचे किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब. यांतला सर्वांत गुणकारी कोणता, या प्रश्नावर लोक फार वेळ घालवतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, यांपैकी कोणताही एक प्रकार इतरांहून सरस असल्याचा ठोस पुरावा आढळला नाही, आणि साधे पाणी किंवा मिठाचे पाणीही फारसे मागे पडले नाही. म्हणून निवड गुणापेक्षा त्रास कोणाचा कमी, यावरून करावी. त्वचा कोरडी असेल किंवा इसब असेल तर तेल बरे, कारण बायकार्बोनेट आणि पेरॉक्साइड त्वचा आणखी कोरडी करतात. बदामाची किंवा तत्सम सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम तेल वर्ज्य. पेरॉक्साइड कानात फसफसते. तो आवाज अपेक्षित आहे, पण आग झाली तर ते थांबवावे. ३ टक्क्यांहून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड कानात कधीही घालू नये, आणि दोन प्रकारचे थेंब एकत्र करू नयेत. बाटलीवर वय आणि दिवसांची मर्यादा छापलेली असते. ती इथे लिहिलेल्या कोणत्याही आकड्यापेक्षा वरची समजावी.

तिसरी तयारी साहित्याची, आणि ती थोडकीच आहे: टोक न तुटलेला ड्रॉपर, स्वच्छ टॉवेल, कागदी रुमाल, घड्याळ. पाण्याचा टप्पा आलाच तर मऊ रबराची फुगेवाली पिचकारी, एक भांडे, उकळून निववलेले पाणी आणि शक्य असल्यास थर्मामीटर. पिचकारी दरवेळी धुऊन पूर्ण वाळवलेली असावी. ओल्या रबरात जंतू वाढतात.

## टप्पा ४: मळ मऊ करा

संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच घाईत उरकला जातो. कडक खडा पाण्याने हलत नाही. त्याच्या कडेने पाणी आत शिरते, मागे अडकते आणि दडा दुप्पट होतो. मी स्वतः एकदा थेंबांचे दिवस वाचवून थेट पाणी घातले होते, आणि अर्धवट ऐकू येणारा कान त्या रात्री पूर्ण बंद झाला. नंतरचे चार दिवस तोच मळ थेंबांनी सावकाश मऊ करावा लागला.

१. हात साबणाने धुवावेत. थेंबांची बाटली तीन-चार मिनिटे मुठीत धरून ठेवावी, म्हणजे द्रव अंगाच्या उष्णतेच्या जवळ येतो. बाटली गॅसवर, गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. द्रव फार थंड किंवा फार गरम असला तर आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागावर परिणाम होऊन सगळे गरगरू लागते.

२. बंद कान वर येईल असे एका कुशीवर झोपावे. बसून मान वाकवणे पुरेसे नाही, कारण थेंब मळापर्यंत पोहोचण्याआधीच ओघळून बाहेर येतात.

३. प्रौढ माणसाच्या कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढावी. त्यामुळे वळणदार नळी सरळ होते. अगदी लहान मुलांत ती खाली आणि मागे ओढावी लागते.

४. दोन ते तीन थेंब छिद्राच्या मधोमध न टाकता नळीच्या कडेवर सोडावेत. मधोमध टाकले की खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि द्रव वरच तरंगत राहतो. ड्रॉपरचे टोक कानाला लागू देऊ नये.

५. कानाच्या छिद्रासमोर गालाच्या बाजूला जो कूर्चेचा छोटा उंचवटा असतो, तो बोटाने आठ-दहा वेळा हलका दाबून सोडावा. द्रव आत ढकलला जातो.

६. घड्याळ लावून ५ ते १० मिनिटे तसेच पडून राहावे. मग कुशी बदलून, जास्तीचा द्रव कागदी रुमालावर ओघळू द्यावा आणि फक्त बाहेरचा भाग पुसावा.

७. तेल वापरत असाल तर हे दिवसातून ३ ते ४ वेळा, ३ ते ५ दिवस करावे. इतर थेंबांसाठी बाटलीवरच्या सूचना पाळाव्यात.

थेंब टाकल्यावर कानात कापसाचा बोळा घालण्याची सवय सोडावी. कापूस ते थेंब स्वतःच शोषून घेतो, आणि काढताना त्याचे तंतू मळात चिकटून मागे राहतात.

पडताळा: थेंब टाकल्यावर घशात त्यांची चव जाणवली, तीव्र कळ आली किंवा चक्कर आली, तर पडद्याला भोक असण्याची शक्यता आहे. थेंब तिथेच बंद करावेत, कान वर करून झोपून राहू नये, आणि डॉक्टरांना दाखवावे.

## टप्पा ५: थांबा आणि परिणाम पाहा

तीन-चार दिवसांनी फरक नाही म्हणून औषध बदलणे किंवा थेंबांचे प्रमाण दुप्पट करणे, ही दुसरी मोठी चूक. मऊ झालेला मळ अनेकदा एकदम बाहेर पडत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत, बहुतेक वेळा रात्री झोपेत, त्याचे तुकडे आपोआप निघून येतात. सकाळी उशीवर किंवा कानाच्या तोंडाशी तपकिरी डाग दिसले, तर काम सुरू आहे असे समजावे. उशीवर जुना टॉवेल घालावा आणि त्या कानाच्या कुशीवर झोपावे.

ऐकू येण्यात फरक पडला का, हे अंदाजाने ठरवू नये. शांत खोलीत कानापासून वीतभर अंतरावर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासावीत. आधी चांगल्या कानाशी, मग बंद कानाशी. दोन्हीकडे सारखे ऐकू येऊ लागले की प्रक्रिया इथेच संपली. पुढच्या टप्प्याची गरज नाही, 'थोडा उरला असेल' म्हणून पाणी घालण्याची तर मुळीच नाही.

## टप्पा ६: पाण्याने धुणे, फक्त गरज उरली तर

थेंबांचा पूर्ण क्रम झाला, मळ मऊ झाल्याच्या खुणा आहेत, दुखत नाही, आणि तरीही दडा कायम आहे, अशाच वेळी हा टप्पा घ्यावा. टप्पा २ मधील यादी पुन्हा एकदा वाचावी. मनात किंतु असेल तर हा टप्पा वगळून सरळ डॉक्टरांकडे जावे. त्यात काहीही कमीपणा नाही.

पाण्याचे तापमान शरीराइतके, म्हणजे ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असावे. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा. तो गारही लागू नये आणि ऊनही. धुण्याआधी १५ मिनिटे याच पाण्याचे काही थेंब कानात घालून झोपल्यास उरलेला मळ सैल होण्यास मदत होते.

हे उभे राहून करू नये, कारण चक्कर आली तर पडण्याचा धोका असतो. खुर्चीवर बसावे, खांद्यावर टॉवेल घ्यावा, कानाखाली भांडे धरावे आणि घरातले दुसरे माणूस जवळ असावे. पिचकारीतली सगळी हवा आधी बाहेर काढावी. हवेसह उडणारे पाणी कानात फार मोठा आवाज करते. टोक छिद्राच्या तोंडाशीच ठेवावे, आत रोवू नये, आणि त्याने छिद्र पूर्ण बंद होणार नाही याची काळजी घ्यावी, कारण पाण्याला परत यायला वाट हवी असते. पाळी वर-मागे ओढून धार नळीच्या वरच्या व मागच्या भिंतीवर सोडावी. सरळ आत मारलेली धार मळाला पडद्याकडे ढकलते. भिंतीवरून गेलेले पाणी मळाच्या मागे शिरून त्याला बाहेर लोटते. दाब हलका आणि एकसारखा असावा.

तीन-चार पिचकाऱ्या झाल्या की थांबावे. मळ निघाला नाही तर जोर वाढवू नये. पुन्हा दोन-तीन दिवस थेंब टाकून आणखी एकदा प्रयत्न करावा. दुसऱ्यांदाही निघाला नाही तर तो घरच्या उपायाचा राहिला नाही.

इशारा: वेदना, रक्त, गरगरणे, अचानक वाढलेली गुणगुण यांपैकी काहीही झाले की त्याच क्षणी थांबावे. जोरात दाबाने पाणी मारणारी, दात साफ करण्यासाठी बनवलेली यंत्रे कानासाठी वापरू नयेत. त्यांची धार पडदा फाडू शकते.

## टप्पा ७: कान वाळवा

ओली राहिलेली नळी बुरशीला आयते घर देते, म्हणून हा टप्पा छोटा असला तरी टाळू नये. डोके धुतलेल्या कानाकडे कलवून पाळी निरनिराळ्या दिशांना हलकेच ओढावी, म्हणजे अडकलेले पाणी निथळते. बाहेरचा भाग टॉवेलने टिपावा. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर सर्वांत कमी वेगावर, गार हवेवर आणि हातभर अंतरावरून. पुढचे दोन-तीन दिवस ठणका, वास, स्राव किंवा वाढती खाज यांवर लक्ष ठेवावे; यांपैकी काही सुरू झाले तर उरलेले थेंब टाकत न बसता तपासून घ्यावे.

## या चुका पुन्हा पुन्हा का होतात

कापसाच्या काडीला थोडासा मळ लागून येतो आणि काम झाल्याचे समाधान मिळते; जो मागे ढकलला गेला तो दिसतच नाही. अमेरिकेत १९९० ते २०१० या २१ वर्षांत कापसाच्या काडीमुळे कानाला इजा झालेल्या, १८ वर्षांखालील सुमारे २,६३,००० मुलांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार करावे लागले, आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश घटना कान साफ करतानाच घडल्या होत्या. मऊ कापसाने हे होते, तर हेअरपिन, किल्ली, आगकाडी आणि पेनाचे टोपण यांबद्दल वेगळे सांगायला नको.

दुसरा सापळा खाजेचा आहे. वारंवार कोरल्याने मळाचा तेलकट थर निघून जातो, त्वचा कोरडी पडते, कोरडी त्वचा खाजते, आणि खाजते म्हणून पुन्हा कोरले जाते. अशा कानात काढण्यासारखा मळच नसतो. आठवडाभर कानात काहीही न घालणे हाच इथला उपाय; तरी खाज राहिली तर इसब किंवा बुरशी आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

कानात ठेवून पेटवायच्या पोकळ मेणबत्त्या मळ ओढून काढतात, हा दावा खोटा आहे. त्यातून ओढ निर्माण होत नाही, आणि मेणबत्तीत शेवटी दिसणारा पिवळट पदार्थ तिचेच मेण असते. भाजणे, वितळलेले मेण कानात पडणे आणि पडद्याला भोक पडणे, असे धोके मात्र खरे आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्यांच्याविरुद्ध इशारा दिलेला आहे.

मोबाइलला जोडायच्या छोट्या कॅमेऱ्याच्या कानकोरण्यांविषयीही सावध राहावे. चित्र स्पष्ट दिसते म्हणून हात धीट होतो, पण सपाट पडद्यावर खोली कळत नाही. टोक आणि कानाचा पडदा यांत किती अंतर उरले आहे, हे तो कॅमेरा सांगत नाही.

## टप्पा ८: डॉक्टरांकडे जाताना

जाण्याआधी दोन-तीन दिवस तेलाचे थेंब टाकून गेल्यास मळ सहज निघतो, मात्र टप्पा २ मधील कोणतेही कारण लागू असेल तर थेंबांशिवायच जावे. त्रास कधी सुरू झाला, कानात आजवर काय काय घातले, पूर्वी कान वाहिला होता का, कोणती औषधे चालू आहेत आणि मधुमेह आहे का, हे स्वतःहून सांगावे. कानात काडी घातली होती हे लाजेपोटी लपवले जाते. त्याने नळीतली जखम ओळखायला उशीर होतो.

तज्ज्ञ थेट पाहून, बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक शोषण-नळीने, छोट्या वाकड्या हत्याराने किंवा चिमट्याने मळ काढतात. शोषण-नळीचा आवाज बराच मोठा येतो आणि क्षणभर गरगरल्यासारखे होऊ शकते, म्हणून डोके अजिबात न हलवता, त्रास झाल्यास हात वर करून सांगावे. मळ निघाल्यावरही ऐकू कमी येत असेल तर तिथेच श्रवणचाचणीविषयी विचारावे, कारण मळामागे दुसरे कारण लपलेले असू शकते.

## लहान मुले आणि श्रवणयंत्र वापरणारे

लहान मुलांच्या कानात पालकांनी स्वतःच्या निर्णयाने थेंब किंवा पाणी घालू नये. त्यांची नळी लहान असते, मूल अचानक हलते, आणि 'दुखते' याखेरीज त्याला फारसे सांगता येत नाही. कान ओढत असेल, हाक ऐकत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीने कानात पाहिल्याशिवाय मळ असल्याचे ठरवू नये; पडद्यामागे साचलेल्या द्रवातही अशीच लक्षणे दिसतात.

श्रवणयंत्राचा साचा नळीचे तोंड बंद करतो आणि मळाची बाहेरची वाट अडवतो, म्हणून अशा व्यक्तींनी त्रास होण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने कान तपासून घ्यावेत. यंत्राची शिट्टी वाजू लागली किंवा आवाज मंद झाला, तर दुरुस्तीला देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: यंत्राच्या टोकावरची मळ अडवणारी जाळी तुंबली आहे का, आणि कानात खडा आहे का. रोज रात्री यंत्र काढल्यावर ते कोरड्या कपड्याने पुसून जाळी कोरड्या ब्रशने, टोक खाली धरून साफ करावी, म्हणजे सुटलेला मळ यंत्राच्या आत पडत नाही. थेंब चालू असताना यंत्र लगेच कानात घालू नये. द्रव जाळीत शिरतो, म्हणून थेंब रात्री टाकावेत आणि सकाळी कानाचे तोंड पुसून मगच यंत्र लावावे.